निर्धास्त निजा

सकाळी सव्वासातला शिवकुमारच्या हातातला चहा हलला. आधी चहा हललेला दिसला आणि आपणही हललो हे त्याला मागाहून कळलं. फडताळातली स्टीलची ताटं एकमेकांवर घासली, भिंतीवरचं कॅलेंडर एका खिळ्यावर डुलायला लागलं आणि पंखा बंद असूनही त्याची दांडी वर्तुळात फिरली. सहा-सात सेकंदांत सगळं थांबलं. खाली पार्किंगमध्ये कुणीतरी कुणाचं तरी नाव घेऊन ओरडत होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या जिन्यात चपलांशिवाय धावणाऱ्या पायांचे आवाज आले. मंजुश्री देवघरातून भस्माची बोटं तशीच धरून बाहेर आली आणि म्हणाली, "अहो, भूकंप." तो म्हणाला, "हं." "हं काय? उठा, खाली चला." तो खुर्चीतच बसून राहिला. चार, साडेचार असेल, तो मनात म्हणाला. केंद्र हिंगोलीच्या बाजूला. आकडे आपोआप येत होते, जसे दात घासताना हात आपोआप हलतो. पण आकड्यांच्या खाली दुसरं काहीतरी चाललं होतं. त्याला जमिनीच्या पोटातून एक घरघर ऐकू येत होती, जात्यासारखी, आणि ती घरघर त्याने स्वतः आयुष्यात कधी ऐकलेली नव्हती. लोकांनी सांगितलेली होती. बत्तीस वर्षांपूर्वी लोकांनी त्याला ती सांगितली होती आणि तो हसला होता.

साडेसातला आरतीचा फोन आला. आरती त्याची जुनी विद्यार्थिनी. बीएस्सीला भौतिकशास्त्रात काठावर पास झालेली, आणि आता नांदेडात मोबाइलवर चालणारं बातम्यांचं एक चॅनेल चालवायची. "सर, जाणवला का? सगळे रस्त्यावर येऊन राहिले, सर. व्हॉट्सअॅपवर कायबी फिरून राहिलं, दहा वाजता मोठा येणार म्हणून. तुम्ही दोन मिनिटं द्या मला. नुसतं म्हणा, घाबरू नका, घरात जा. तुमचं ऐकतात लोकं." त्याने कप खाली ठेवला. "सर? आहात ना?" "दहाला ये," तो म्हणाला आणि फोन ठेवला. मंजुश्रीने विचारलं, "काय म्हणते?" "लोकांना घरात पाठवा म्हणते." मंजुश्रीने त्याच्याकडे नीट पाहिलं. उंबरसूर गावात काय घडलं होतं ते तिला माहीत होतं की नाही हे त्याला इतक्या वर्षांत कधी कळलं नव्हतं. त्याने सांगितलं नव्हतं, आणि तिने विचारलं नव्हतं.

तुमचं ऐकतात लोकं. हे खरं होतं, आणि हे कसं जमलं हेही त्याला ठाऊक होतं. उदगीरला वडिलांचं, अप्पांचं, कापडाचं दुकान होतं. मलप्पा हलकुडे गिऱ्हाइकासमोर थान उलगडायचे, मुठीत कापड चुरगळून सोडायचे आणि म्हणायचे, रंग जाणार नाही, अव्वा, घेऊन जा. गिऱ्हाईक बाईचा चेहरा सैल पडायचा. तो सैल पडलेला चेहरा बघत शिवकुमार लहानाचा मोठा झाला. पुढे औरंगाबादला त्याने एमएस्सी केलं, पीएचडी केली, काचेवर धातूचा पातळ थर बसवण्याचं काम. हवा गळणाऱ्या एका पंपापाशी त्याने पाच वर्षं काढली आणि शेवटी त्याला समजून चुकलं की आपण शोध लावणाऱ्यांतले नाही. ते कळलं तेव्हा फार वाईट वाटलं नाही. लातूरच्या कॉलेजात नोकरी लागली आणि पहिल्याच वर्षी एका खेड्यात, देवीच्या जत्रेत निखाऱ्यांवरून चालून दाखवताना, पाय का भाजत नाहीत ते सांगताना, त्याने समोरच्या दीडेकशे चेहऱ्यांवर तेच पाहिलं. भीती उतरत होती. कपाळं मोकळी होत होती. मग तो याच कामाच्या मागे लागला. ग्रहणात शिरा करून खायचा, अंगात येणाऱ्या बाईशी दोन तास बोलत बसायचा, पाण्याच्या पाइपात भिंगं बसवून शनीची कडी दाखवायचा. जिल्ह्याच्या पेपरात दर रविवारी त्याचं सदर यायचं. भीती काढणं हा त्याचा धंदा झाला. लोक त्याला शास्त्रज्ञ म्हणायचे आणि तो ते खोडून काढायचा, पण हळू आवाजात.

ब्याण्णव सालच्या दिवाळीआधी उंबरसूरच्या शाळेतले श्रीमंत नावाचे गुरुजी लातूरला त्याच्या घरी आले. तेरणेच्या काठचं गाव. दोन महिने तिथं जमीन गडगडत होती, भांडी वाजत होती, आणि लोक घरं सोडून रानात पाचटाच्या खोपी घालून झोपत होते. गुरुजी चाळिशीचे, बारीक, धोतर नेसणारे, शाळेत स्वतःच्या हाताने पृथ्वीचे गोल करणारे. ते म्हणाले, "सर, थंडी पडलालीय. म्हातारी मानसं आजारी पडलालीत. पोरं शाळंला येईनात. तुमी एकडाव येऊन समजावून सांगा. माजं आयकत न्हाईत, तुमचं आयकतील." शिवकुमारने जाण्याआधी एका संध्याकाळी पुस्तकं उघडली. भूगर्भशास्त्र त्याचा विषय नव्हता. तीन-चार पानं वाचली. दख्खनचं पठार हा जगातल्या सर्वांत जुन्या आणि स्थिर भूभागांपैकी एक, असं त्यात छापलेलं होतं, आणि तेव्हा सगळ्याच पुस्तकांत तसं छापलेलं होतं. हे नंतर त्याने स्वतःला हजारदा सांगितलं. पण त्या संध्याकाळी, तिसऱ्या पानावर, एक ओळ अशीही होती की छोटे धक्के कधी कधी मोठ्या धक्क्याच्या आधी येतात आणि ते ओळखता येत नाहीत. ती ओळ त्याने वाचली होती. ती वाचली हेही त्याने स्वतःला हजारदा सांगितलं.

शाळेच्या पटांगणात अख्खं गाव बसलं होतं. त्याने उकडलेलं अंडं कापून पृथ्वीचे थर दाखवले. पोरं हसली. लहान धक्क्यांनी जमिनीतला ताण थोडा थोडा निघून जातो, तो म्हणाला, ही चांगलीच गोष्ट आहे, कुकरची शिट्टी होते तसं. एकाने मागून विचारलं, "मग कोयनंला कसा झाला?" त्याने हात उडवला. "ते धरणामुळं. इथं कुठंय तेवढं धरण?" आणि त्या वेळी पुढच्या ओळीतली एक बाई उठली. नागुबाई. जाड अंगाची, कडेवर नातू. तिने पदर डोक्यावर ओढला आणि म्हणाली, "सर, मला थर न्हाई कळत. मी एकच इचारते. मग आमी आत निजावं का?" सगळं पटांगण त्याच्याकडे बघत होतं. एवढी शांतता त्याला पुन्हा कुठल्याच व्याख्यानात मिळाली नाही. 'मला माहीत नाही' हे उत्तर त्या क्षणी त्याच्या जिभेपाशी आलं होतं का? आलं असेल. पण समोर ते चेहरे होते, गिऱ्हाइकासारखे, आता सैल पडतील असे. "निजा, आजी," तो म्हणाला. "निर्धास्त निजा." आणि त्याला दिसलं, ओळीमागून ओळ, खांदे खाली आले. नागुबाई हसली. गुरुजींनी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनी. परतताना जीपमध्ये त्याला इतकं हलकं वाटत होतं की तो गाणं म्हणत होता. पंधरा दिवसांनी गुरुजींचं पोस्टकार्ड आलं. लोकं अजून बिचकत होती म्हणून मी स्वतः घरोघर फिरलो, आपला निरोप पुन्हा सांगितला. आता सर्वजण आत झोपतात. आपले उपकार आहेत.

पुढच्या सप्टेंबरात, गणपती बुडवून लोक थकून झोपले होते त्या पहाटे, उंबरसूर गेलं. दगडमातीच्या हातभर जाड भिंती, वर मातीची माळवदं. पेपरात आकडे आले. शिवकुमार पाचव्या दिवशी कॉलेजच्या पोरांना घेऊन गेला, बिस्किटं आणि चादरी घेऊन, तोंडाला रुमाल बांधून. गाव नव्हतंच. दगडांचे ढीग होते आणि त्यांत कुठे कुठे दाराची चौकट उभी होती. पत्र्याच्या शेडपाशी गुरुजी बसलेले दिसले. त्यांची बायको आणि दोन्ही मुली गेल्या होत्या. शिवकुमार त्यांच्याकडे निघाला तेवढ्यात बसलिंगप्पा नावाचा एक माणूस, ज्याचं घरातलं एकही माणूस राहिलं नव्हतं, गुरुजींच्या अंगावर धावून गेला. "ह्या मास्तरनं निजवलं आमाला! दारादारानं फिरला ह्यो! नागूमावशी म्हनत हुती मी भाईरच बरी, ह्यानं तिला हाताला धरून आत न्हेलं!" लोक जमले. कुणी त्याला आवरलं नाही. कुणीतरी गुरुजींवर मूठभर माती फेकली. शिवकुमार पंधरा पावलांवर उभा होता, तोंडावर रुमाल होता, त्यामुळे त्याला कुणी ओळखलं नाही. गुरुजींनी ओळखलं. त्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, नीट, ओळख पटेल एवढा वेळ, आणि मग मान वळवली. बोट दाखवलं नाही. एवढं एक वाक्य, तो नव्हे, मी, एवढंच बोलायचं होतं. पंधरा पावलं होती. शिवकुमार वळला आणि पोरांना म्हणाला, "चादरी पलीकडच्या शेडमध्ये द्या."

नंतर त्याने नांदेडच्या कॉलेजात जागा मिळवली. लातूर सुटलं. नांदेडात तो आणखी जोराने कामाला लागला, विष्णुपुरीच्या इंजिनियरिंगच्या पोरांपासून लोह्याच्या, हिमायतनगरच्या शाळांपर्यंत. त्याने भूकंपावर पुस्तक लिहिलं, त्याच्या आठ आवृत्त्या निघाल्या. अर्पणपत्रिकेत उंबरसूरच्या मृतांचं नाव होतं. ती वाचून एका समारंभात एक बाई रडल्या होत्या आणि त्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता. त्या पुस्तकात सगळं होतं, स्थिर समजलेला भूभाग कसा फसवतो, विज्ञान आपली चूक कशी मान्य करतं. विज्ञानाने केली होती. त्याने केली नव्हती. गुरुजींना गाव सोडावं लागलं हे त्याला कुणीतरी सांगितलं. ते लातुरात कुणाच्या तरी पडवीत राहून लहान मुलांच्या शिकवण्या घेतात, असंही. एकदा लातूरला गेला असताना गंजगोलाईच्या गोल बाजारात त्याला ते दिसले, हातात कापडी पिशवी, तेच धोतर, मान पुढे आलेली. गोलाईचं एक बरं असतं, कुठूनही कुठल्याही रस्त्याला वळता येतं. तो वळला. पुढे काही वर्षांनी पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या. सेवानिवृत्त शिक्षक, निधन. सकाळचा चहा पीत त्याने त्या वाचल्या, आणि मग त्याच पानावरचं स्वतःचं सदरही वाचलं, छपाईच्या चुका बघायला.

आरती दहाला आली. सोफ्यासमोर तिने मोबाइलचं तिकाटणं मांडलं, मागचं पुस्तकांचं कपाट दिसेल असं. "सर, हसरा चेहरा ठेवा थोडा." त्याने गळ्याचं बटण लावलं. लाल ठिपका लागला. तो बोलायला लागला आणि स्वतःचाच आवाज त्याला नवीन वाटला. "मी शिवकुमार हलकुडे. आज सकाळी धक्का बसला. आता पुढे काय होईल ते मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. कदाचित काहीच होणार नाही. पण ज्यांची घरं दगडमातीची आहेत, जुनी आहेत, त्यांना माझी विनंती आहे, चार-पाच दिवस घरात झोपू नका. बाहेर झोपा." आरतीने ठिपका बंद केला. "सर, हे... हे टाकू का? लोकं उलट घाबरतील ना." "टाक." "साहेब लोक मला फोन करतील, सर." "माझा नंबर दे त्यांना." फोन आले, दिवसभर. एकाने गोड बोलून, एकाने दमात घेऊन व्हिडिओ काढायला सांगितला. तो नाही म्हणाला. दुपारी मंजुश्री ताट वाढताना म्हणाली, "माहीत नाही म्हणालात ते बरं केलंत." एवढंच. तो वरणभात जेवला आणि दुपारभर गाढ झोपला, कित्येक वर्षांत झोपला नव्हता तसा. चार दिवस तो हलका होता. दाढी करताना आरशातल्या माणसाकडे बघून त्याला वाटलं, उशिरा का होईना, आपल्याला एक खरं वाक्य बोलता आलं. या हलकेपणाची चव त्याच्या ओळखीची होती, जीपमधल्या गाण्याची. पण हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी आरती स्वतःच आली, फोन न करता. चपला काढून दारातच उभी राहिली. "सर, हिमायतनगरच्या पुढं पळसखोरी म्हणून गाव हाय. तिथं एक बाई गेली. पुनम नाव होतं. सव्वीस वर्षांची. घरच्यांना घेऊन बाहेर झोपली होती, अंगणात, खाली चटईवर. मण्यार चावली." तो तिच्याकडे बघत राहिला. "चावलेलं कळलंच नाही म्हणे तिला. पहाटे पोटात दुखतंय म्हणली, डोळे मिटायला लागले. दवाखान्यात नेता नेता..." आरती थांबली. "भूकंप तर पुन्हा झाला नाही, सर. लोकं कमेंटमध्ये लई वाईट लिहून राहिले. मी व्हिडिओ काढून टाकू का?" तो उठून कपाटापाशी गेला. भूकंपाच्या पुस्तकाशेजारी त्याची पातळ पुस्तिका होती, सापांविषयी, शाळांसाठी लिहिलेली. पान त्याला शोधावं लागलं नाही. मण्यार पावसाळ्यात, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात येते. तिचा दंश दुखत नाही, म्हणून झोपलेल्याला कळत नाही. म्हणून जमिनीवर झोपू नका, खाटेवर झोपा, मच्छरदाणी खोचून घ्या. त्याचंच वाक्य, त्याचेच स्वल्पविराम. हे त्याला माहीत होतं. कोयनेसारखं अर्धवट नव्हे, तिसऱ्या पानावरच्या ओळीसारखं ओझरतं नव्हे, अगदी पूर्ण माहीत होतं. जुलै महिना होता. त्या दिवशी त्याला फक्त भिंती दिसत होत्या, उंबरसूरच्या भिंती, आणि त्या भिंतींतून त्याला स्वतःला बाहेर काढायचं होतं. कॅमेऱ्यासमोर तो पळसखोरीशी बोलतच नव्हता. तो नागुबाईला उत्तर देत होता, बत्तीस वर्षं उशिरा, आणि मधे ही मुलगी अंगणात चटई टाकत होती.

तो पळसखोरीला निघाला तेव्हा मंजुश्री म्हणाली, "मी येते बरोबर." तो नको म्हणाला. हिमायतनगरपर्यंत एसटीने आणि पुढे रिक्षाने. वाटेत सोयाबीन हातभर वाढलेलं होतं, खड्ड्यांतून पाणी होतं, आणि रिक्षावाला सगळ्या वाटेने कसल्या तरी लग्नाचं बोलत होता. पळसखोरीत घर विचारावं लागलं नाही, अंगणात माणसं बसलेली होती. दगडमातीचं घर, भिंतीला तडा कुठेही नाही. ओसरीवर सासू बसली होती, सिंधुबाई, मांडीवर दोन वर्षांचं पोर झोपलेलं. तिने डोळे बारीक करून विचारलं, "दवाखान्यातून आले का?" तो नाही म्हणाला, पण तिने ते ऐकलं नाही. ती सांगायलाच लागली, चार दिवसांत पाठ झाल्यासारखं. "आमाला कुठं जायाचं होतं भाईर. मी म्हनलं, चाळीस वर्सं झाली ह्या घरात, काय व्हऊन राहिलं घराला? पर ती ऐकंल तवा. सारखा मोबाइल दाखवायची. ह्ये सर आमच्या शाळंत आल्ते, ह्ये खोटं न्हाई बोलत, म्हने. सासऱ्याला उठवलं, मला उठवलं. म्हाताऱ्या मानसायला खाटा दिल्या आन् सोता खाली निजली." तिने पोराच्या अंगावरची माशी हाकलली. "लई शिकली होती ना. तिनंच काढलं सगळ्यायला आन् तीच गेली. सगळी गल्ली म्हनते, सिंधे, जास्तीच्या शान्या सुनंनं घात केला. काय करावं?"

म्हाताऱ्या माणसांना खाटा दिल्या. तो ओसरीच्या कडेला बसला होता आणि समोर कोपऱ्यात त्या दोन खाटा उभ्या करून ठेवलेल्या दिसत होत्या. उठून जाता आलं असतं. दवाखान्यातला माणूस म्हणून दोन प्रश्न विचारून, वहीत काहीतरी लिहून. या घराने दोष द्यायला माणूस शोधलेलं होतं आणि ते माणूस बोलणार नव्हतं. गुरुजींनी मान कशी वळवली होती ते त्याला आठवलं. कीव नव्हती त्या वळण्यात, माफीही नव्हती. वाट बघून संपल्यावर माणूस रस्त्यावरची नजर काढून घेतो, तसं काहीतरी होतं. "मावशी," तो म्हणाला. "तो मोबाइलमधला माणूस मी आहे." सिंधुबाईला कळलं नाही. "कोन?" तेवढ्यात आतून एक तरुण बाहेर आला. डोकं भादरलेलं, पायजमा, वर बनियन. सत्यम, पुनमचा नवरा. तो दारातच थांबला आणि शिवकुमारकडे बघत राहिला. "तुमी ते हलकुडे सर न्हाई का?" "हो." "कामून आले?"

"तिची चूक नव्हती हे सांगायला आलो," शिवकुमार म्हणाला. "बाहेर झोपा असं मी सांगितलं. खाली झोपू नका, खाटेवर झोपा, हेही सांगायला पाहिजे होतं. मला ते माहीत होतं. मी स्वतः पुस्तकात लिहिलेलं आहे ते. त्या दिवशी मी सांगितलं नाही. तिनं माझं ऐकलं, एवढंच तिनं केलं. घात मी केला." अंगणातली माणसं वळून बघायला लागली. सिंधुबाई एकदा मुलाकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती. सत्यम पायरी उतरून खाली आला. तो मारेल असं शिवकुमारला वाटलं, आणि त्याचं शरीर त्यासाठी तयार झालं, जवळजवळ वाट बघत. सत्यमने मारलं नाही. "मला कामून सांगता?" तो म्हणाला. त्याचा आवाज चिरका येत होता. "मी कुठं म्हनलो तिची चूक हाय? आख्खं गाव म्हनून राहिलं. ही माय म्हनून राहिली. तिसऱ्या दिवशी तिचा बाप आल्ता, त्याच्या तोंडावर म्हनले लोकं, तुमच्या लेकीच्या शानपनानं झालं म्हनून. मानूस एक शबुद बोलला न्हाई. खाली मुंडी घालून गेला. त्याला सांगा. ह्यायला सांगा." त्याने शिवकुमारचं मनगट धरलं आणि त्याला अंगणातून बाहेर, गल्लीत आणलं.

गल्लीत नळावर बायका होत्या, समोरच्या ओट्यावर तीन-चार म्हातारे. चाळीस वर्षांत तो कुठे कुठे उभा राहिला होता, पारावर, पटांगणात, मंडपात, आणि तोंडातून पहिला शब्द नेहमी आपोआप यायचा, मित्रहो. तो आता ओठापर्यंत आला आणि त्याने तो गिळला. त्याने बोलून पाहिलं. ओट्यावरून एक म्हातारा ओरडला, "मोठ्यानं बोला, ऐकाया येईना." तो पुन्हा बोलला. माझं नाव अमुक, मी असं सांगितलं, हे सांगायचं राहिलं, पुनमची चूक नव्हती. एवढंच, चार वाक्यं. समोरचे चेहरे त्याने पाहिले. एकही सैल पडला नाही. एका बाईने भरलेली घागर तशीच ठेवली आणि घरात निघून गेली. दुसरी म्हणाली, "आता सांगून ती येनार हाय का माघारी?" मागे ओसरीवर सिंधुबाई उठून उभी राहिली होती. पोर जागं होऊन रडत होतं आणि तिचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. "खाट मला दिली वो तिनं," ती कुणाला तरी म्हणाली. "मला दिली." आणि ती मटकन खाली बसली.

सत्यमने सासऱ्याला फोन लावला होता. "मामा? मी सत्यम. न्हाई, पोरगं बरं हाय. हितं एक मानूस आलंय. तुमाला काही सांगायचंय त्याला." तिकडून काहीतरी विचारलं गेलं. सत्यमने फोन शिवकुमारच्या हातात दिला. "लोह्याला असतात. घ्या. सांगा कोन ते." फोन गरम होता. पलीकडे कुठेतरी ट्रॅक्टर चालू होता आणि त्याच्या अलीकडे एका माणसाचा श्वास. "मी शिवकुमार हलकुडे," तो म्हणाला. बराच वेळ नुसता ट्रॅक्टर ऐकू आला. मग तो बंद झाला. "हलकुडे सर?" आवाज म्हातारा होता. "आमच्या शाळंत आल्ते तुमी. पोरीनं घरी येऊन सगळं करून दाखवलं व्हतं आमाला. लिंबात तारा खुपसून काय काय. आठ दिवस त्येच." शिवकुमारने फोन दुसऱ्या कानाला लावला. "मला तुमच्याशी समोर बसून बोलायचंय," तो शेवटी म्हणाला. "तिच्याबद्दल." लोह्याहून पळसखोरी, दोन गाड्या बदलून, चार तास तरी लागतील. नांदेडला परतायची शेवटची एसटी साडेपाचला होती आणि आता तीन वाजून गेले होते.

"निघतो मी," म्हातारा म्हणाला. "जाऊ नका कुठं."

"नाही जात," शिवकुमार म्हणाला. त्याने फोन सत्यमला दिला. कुणी त्याला बस म्हटलं नाही. तो गल्लीतच, भिंतीला पाठ न लावता, उभा राहिला.